रकान्यातला नवरा

पांडेसऱ्यात कानावर पडणारी मराठी बहुधा अहिराणीच्या सुरात येते. धुळे, नंदुरबार, जळगावकडची शेकडो कुटुंबे इथल्या रंगाई-छपाईच्या मिलच्या आणि लूमच्या आधाराने वसली. पालकसभेला आया येतात. वडील पाळीवर असतात, नाहीतर रातपाळी करून झोपलेले. कुटुंबनियोजनाच्या दवाखान्यातही तेच. केसपेपरवर ‘पतीचे नाव’ हा रकाना भरलेला असतो, बाकावर मात्र पती नसतो.

दोन वर्षांपूर्वी आठवीतली एक मुलगी पंधरा दिवस शाळेत दिसेना, म्हणून मी वडिलांना बोलावले. म्हणाले, “तिच्या आईचं ऑपरेशन करायचंय, सर. धाकट्या दोघांना कोण पाहणार?” आईच्या अंगात रक्त कमी, म्हणून डॉक्टरांनी तारीख पुढे ढकललेली. मी सहज विचारले, “मग तुम्हीच का करून घेत नाही?” ते बराच वेळ खाली पाहत राहिले. “बारा तास उभं राहायचं असतं, सर. नस कापली तर ताकद राहील का?”

त्यांच्या प्रश्नात पुरुषी ताठा नव्हता, भाकरीची चिंता होती. पण त्याचे उत्तर त्यांना कोणी दिलेच नव्हते. पुरुष नसबंदीत पोट उघडावे लागत नाही. माणूस त्याच दिवशी घरी जातो. आठवडाभर जड काम टाळावे लागते, तीन महिने दुसरे साधन वापरून मग वीर्यतपासणी करावी लागते. अंगातली ताकद जात नाही. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्के आढळले. आणीबाणीतल्या सक्तीची धास्ती या आकड्यामागे आहेच.

वास्तविक र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि स्वतः नसबंदीही करून घेतली. त्या पायंड्यावर आपण फार पुढे गेलो नाही. गेल्या दशकात ठाणे जिल्ह्यातल्या खेड्यांत १,०८१ जोडप्यांवर एक प्रयोग झाला. त्यात गावातल्याच वैद्यकीय व्यावसायिकांकरवी आधी नवऱ्यांशी आणि मग दोघांशी मिळून बोलणे झाले. साधनांचा वापर वाढला, बायकांवरची लैंगिक जबरदस्तीही कमी झाली.

मात्र नवऱ्याला बोलवायचे ते बायकोच्या वतीने निर्णय देण्यासाठी नव्हे. आधी तिला एकटीला विचारावे. तिला त्याच्यासमोर बोलायचे नसेल, तर तिची गोष्ट तिच्यापाशीच राहावी. ती हो म्हणाली तरच दोघांना एकत्र बसवावे.

त्या मुलीचे आईवडील पुढे एका पाळीबदलाच्या दिवशी दोघे मिळून दवाखान्यात गेले. काय ठरले, ते मी विचारले नाही. तो माझा अधिकार नव्हे. मुलगी पुढच्या सोमवारी वर्गात आली. दवाखान्याची वेळ आणि मिलची पाळी यांचा मेळ बसत नाही, तिथे सगळे अडते. आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी आठनंतर दवाखाना उघडा राहिला, तर पांडेसऱ्यातले पुष्कळ नवरे येतील, असे मला वाटते.