मेंदूतली वाळू

आमच्या गावाच्या नावातच, कंसात का होईना, रेल्वे आहे: सिंदी (रेल्वे). नागपूर-वर्धा मार्गावरच्या या स्थानकालगत ज्यांची घरे आहेत, त्यांची झोप गाड्यांच्या आवाजाने मोडत नाही. बाबांची मात्र निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी मोडू लागली. रात्री दोनला ते उठून बसत आणि विचारीत, "पोरा, मेल पास झाली का?" दिवसा खुर्चीत पेंगत. "बाबा, निदान मला तरी झोपू द्या," असे मी एकदा चिडून बोलून गेलो.

विस्मरण वाढले तेव्हा नागपुरात त्यांच्या मेंदूचा सीटी स्कॅन केला. अहवालात एक ओळ होती: पीनिअल ग्रंथीत कॅल्शियम साचलेले आहे. मी साहित्याचा मास्तर. मला तत्काळ तिसरा डोळा आठवला, आणि या ग्रंथीला आत्म्याचे मुख्य आसन मानणारा १७व्या शतकातला देकार्तही. त्या आसनावर वाळू साचली, अशी प्रतिमा मनात तयारच झाली. या कणांना शरीररचनाशास्त्रातही मेंदूतली वाळूच म्हणतात. डॉक्टरांनी मात्र प्रतिमेतली हवा काढून घेतली. असे कण निरोगी माणसांत, क्वचित मुलांतही आढळतात. वयाबरोबर त्यांचे प्रमाण वाढते. त्यांच्यावरून विस्मरणाचे निदान होत नाही. बाबांना अल्झायमर असल्याचे ठरले ते इतर तपासण्यांवरून.

मग मी वाचत गेलो. तांदळाच्या दाण्याएवढी ही ग्रंथी अंधारात मेलाटोनिन स्रवते. ते १९५८ साली अ‍ॅरन लर्नर आणि सहकाऱ्यांनी वेगळे काढले. उजेड-अंधाराची वार्ता डोळ्यांकडून मेंदूतल्या घड्याळाकडे आणि तेथून मज्जातंतूंच्या वळणावळणाच्या वाटेने ग्रंथीकडे जाते. वार्धक्यात रात्रीचा हा स्राव बहुधा मंदावतो. अल्झायमरमध्ये घड्याळाच्या पेशीही झिजतात, म्हणून तो अधिकच ढळतो. नेत्रभिंग पिवळसर झाल्याने दिवसाचा उजेडही पुरेसा आत पोहोचत नाही. म्हणजे बाबांचा तो हट्ट नव्हता. रात्र झाल्याचा निरोपच त्यांच्यापर्यंत नीट येत नव्हता.

तिसऱ्या डोळ्याच्या प्रतिमेने माझा राग शमला नाही; या रूक्ष माहितीने शमला, हे मला कबूल केले पाहिजे.

आता सकाळी आम्ही दोघे ओट्यावर उन्हात बसतो आणि रात्री दिवे लवकर मालवतो. झोप थोडी सुधारली; विस्मरण तसेच आहे. कधीमधी ते अजूनही दोनला उठतात.

"मेल पास झाली का?"

"झाली, बाबा. वेळेवर गेली."