कुणाच्या नावे?

आमच्या घरातील जुन्या शिसवी पेटीत, फारखतींच्या, गहाणखतांच्या आणि कुणाच्या तरी मुंजीच्या आहेरयादीच्या सोबतीने, लाल कापडी बांधणीची एक कीर्द आहे. ती माझ्या थोरल्या आजोबांची, म्हणजे आजोबांच्या वडील बंधूंची. ते मुंबईस कापडाच्या एका पेढीवर गुमास्ते होते. आणि दिवसभर धन्याच्या वह्या लिहून रात्री गिरगावातल्या चाळीत परतल्यावर, ज्या हाताने लाखांच्या उलाढाली खतावल्या त्याच हाताने कोथिंबिरीच्या जुडीचा पैसाही तितक्याच निष्ठेने टिपून ठेवण्याची त्यांची रीत होती. ही कीर्द चाळताना १९३० सालच्या उन्हाळ्यापाशी वाचणारा थबकतो. तेथे जमेच्या बाजूस ‘पगार रुपये ४५’ अशी नेहमीची नोंद आहे. आणि त्याच तारखेस समोरच्या बाजूस, मोडीच्या वळणाकडे झुकणाऱ्या बाळबोध अक्षरात, ‘देशकार्याचे खाती नावे रुपये ४५’ अशी दुसरी नोंद आहे. पुढल्या महिन्यात तेच, त्यापुढल्या महिन्यातही तेच. असे सात महिने.

या नोंदींचे इंगित मला आजोबांकडूनच कळले. सविनय कायदेभंगाच्या त्या वर्षी मुंबईच्या कापडबाजारात विलायती मालावर कडकडीत बहिष्कार पडला होता. गासड्यांवर काँग्रेसची मोहर लागत होती, बाजार दिवसच्या दिवस बंद राहत होते, आणि दुकानांच्या दारांशी स्वयंसेवक व स्वयंसेविका हात जोडून उभ्या राहत, गिऱ्हाइकाला परत फिरण्याची विनवणी करीत. त्या स्वयंसेवकांत विशीतले माझे आजोबा होते; आणि ज्या पेढ्यांच्या दारांशी ते उभे राहत त्यांपैकीच एकीच्या आत, गादीला पाठ टेकून, लिहिण्याजोगे काही उरले नाही म्हणून टाक पुसत बसलेले त्यांचे अण्णा होते. धन्याने काही दिवस वाट पाहिली आणि मग गुमास्त्यांना घरी बसविले. रात्री दोघे भाऊ एकाच पंक्तीस जेवत. आईच्या वाढण्यात भेद नसे. आणि अण्णांनी धाकट्या भावाला त्या सात महिन्यांत अवाक्षराने बोल लावला नाही. जो पगार हाती आलाच नव्हता तो त्यांनी आला असे मानून जमा धरला, आणि तितकाच देशाच्या खाती खर्ची टाकला. हिशेबाच्या शास्त्राप्रमाणे ही नोंद खोटी आहे. तरीही तिच्याइतकी खरी नोंद त्या कीर्दीत दुसरी नाही.

मात्र एक प्रश्न मला पुष्कळ वर्षे छळीत आला आहे. अण्णांनी ही देणगी दिली. परंतु ती त्यांच्याजवळ मागितली कोणी होती?

हा प्रश्न जुना झालेला नाही. आज बहिष्कार पुकारणे पूर्वीपेक्षा कितीतरी सुलभ झाले आहे. एखाद्या बड्या दुकानदार कंपनीचे वर्तन आवडले नाही की संध्याकाळपर्यंत हजारो घरांत तिच्या नावावर काट मारली जाते, आणि काट मारणाऱ्याच्या पदराला त्याची तोशीस लागत नाही. कारण रस्त्याच्या पलीकडे तसलेच दुसरे दुकान उभे असते. मीही यातून सुटलेलो नाही. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या भांडाराच्या लबाडीने संतापून मी तेथे जाणे सोडले आणि ओळखीच्या दहापाच घरांनाही सोडावयास लावले. वर्षभरात त्या भांडाराची आमच्या पेठेतली शाखा बंद झाली. ती आमच्यामुळे बंद झाली असे म्हणणे हा निव्वळ आत्मगौरव होईल. परंतु तेथून सामान घेऊन आमचे तीन जिने चढणारा, दारात घोटभर पाणी पिऊन जाणारा जो मुलगा होता, त्याचे पुढे काय झाले हे मला ठाऊक नाही, आणि त्याचे नावही मी कधी विचारले नव्हते, ही गोष्ट मात्र वस्तुस्थितीला धरून आहे.

‘बॉयकॉट’ हा शब्द मुळात एका माणसाचे आडनाव. १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा मुखत्यार कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट कुळांना जमिनीवरून हुसकावू लागला, तेव्हा लँड लीग या कुळांच्या संघटनेच्या पाठबळाने गड्यांनी त्याचे शेत सोडले, घरकामाच्या माणसांनी त्याचे घर सोडले आणि दुकानदारांनी त्याला माल देणे नाकारले. त्याचे पीक काढण्यासाठी अल्स्टरहून पन्नासएक मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणार्थ फौज तैनात करावी लागली. सुमारे ५०० पौंडांचे पीक वाचविण्यास सुमारे १०,००० पौंड खर्च आला असा त्या वेळचा अंदाज होता. या कथेतील ज्या गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही ती अशी की, कॅप्टनचे शेत सोडणाऱ्या गड्याने पहिल्या दिवशी स्वतःचीच मजुरी गमावली होती. शस्त्र उचलणारा तोच, आणि पहिला घाव सोसणाराही तोच.

आपल्या ‘बहिष्कार’ या शब्दाचे पूर्वचरित्र इतके उजळ नाही. कुणाला वाळीत टाकणे, त्याचा पाणवठा तोडणे, त्याच्या दारी कुणी जाऊ नये असा दंडक घालणे, हे ज्या समाजात शतकानुशतके चालले त्या समाजाचा हा शब्द, म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली आपल्या पत्राला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले, आणि म्हणूनच २०१६ सालीही महाराष्ट्राच्या विधिमंडळास सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. मेयोच्या गड्यांनी हे शस्त्र खालून वर उगारले, गावकीने ते वरून खाली हाणले. ग्राहक जेव्हा बड्या दुकानदारावर बहिष्कार टाकतो तेव्हा तो नेम तर वर धरतो; परंतु नेमाच्या वाटेत, फळीमागे उभी राहून दिवसभर बेरजा करणारी मुलगी असते, वखारीतला हमाल असतो, आणि समुद्रापलीकडे शिवणयंत्रावर वाकलेली कुणी बाई असते. मालकापाशी भांडवल असते, पत असते, दुसऱ्या गावच्या शाखा असतात. खप घटला की तो प्रथम बदलीवरची माणसे कमी करतो, मग मक्तेदाराकडून आलेली, मग कायमची, आणि स्वतःच्या नफ्याला हात सर्वांत शेवटी लावतो. सुक्याबरोबर ओलेही जळते असे आपण म्हणतो. येथे ओले आधी जळते, सुके मागाहून.

बहिष्काराने ज्याचे भले व्हावयाचे त्या मजुरालाही ते भले नेहमी सुखाने लाभते असे नाही. १९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशीची लाट उसळली आणि मुंबईच्या गिरण्यांना बरकत आली. त्याच सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले होते. मागणी वाढलेली, आणि सूर्यास्ताची अडचण उरलेली नाही, अशा मुहूर्तावर कामाचा दिवस लांबत लांबत चौदा-चौदा तासांवर गेला. पुण्यात विलायती कापडाच्या होळीभोवती तरुण जयघोष करीत होते, आणि त्या जयघोषाने वाढलेले काम परळ-लालबागच्या माणसांच्या डोळ्यांवरची झोप खात होते. प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा होण्यास १९११ साल उजाडले. यात स्वदेशीचा दोष नाही. परंतु आपण एका धन्याच्या दारातून मागे फिरलो की आपली पावले दुसऱ्या धन्याच्याच दाराकडे वळतात, हे विसरण्यात आपला दोष आहे.

या साऱ्या इतिहासात एक प्रसंग मात्र असा आहे की त्याने मला बहिष्काराचा धर्म शिकविला. १९३१ साली गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेले. लँकेशायरच्या गिरण्या त्या वेळी डबघाईस आल्या होत्या. १९१३ साली तेथून हिंदुस्थानात सुमारे तीनशे कोटी वार कापड येत असे. ते १९३१ मध्ये चाळीस कोटी वारांच्या आसपास उतरले. जपानची चढाओढ, देशी गिरण्यांची वाढ, आयातीवरील जकात आणि जगभरची मंदी ही त्याची मोठी कारणे होती. परंतु बेकार विणकऱ्याच्या दृष्टीला जकातीचा दर दिसत नाही, आणि पंचा नेसलेला एक माणूस मात्र दिसतो. अशा मुलखात तो माणूस आपण होऊन गेला. २६ सप्टेंबर रोजी डार्वेन येथील ग्रीनफील्ड गिरणीत काढलेले छायाचित्र सुप्रसिद्ध आहे: भोवती गिरणीतल्या बायका, कुणी हात उंचावलेली, कुणी हसताना डोळे मिटलेली, आणि मध्ये हा कृश पाहुणा. तुमच्या हालअपेष्टांत आमच्या बहिष्काराचा वाटा अल्प आहे, हे त्याने सांगितले. परंतु तेवढे सांगून तो अंग काढून घेऊन परतला नाही. तुमच्याकडे तीस लाख बेकार आहेत, आमच्याकडे वर्षाचे सहा महिने जवळजवळ तीस कोटी आहेत, अशी मांडणी त्याने त्यांच्यासमोर, त्यांच्या डोळ्यांत पाहून केली. आणि बहिष्कार मागे घेण्याचे वचन दिले नाही. त्यावर एका बेकार मजुराने, मी हिंदुस्थानात असतो तर हेच बोललो असतो, असे उद्गार काढल्याचे नमूद आहे.

या भेटीने लँकेशायरच्या एकाही चुलीवर आधण चढले नाही. मग तिचे मोल काय? मला वाटते, ती पावती होती. ज्यांच्या नावे आपल्या लढ्याचा खर्च पडत आहे त्यांच्या दारी स्वतः जाऊन, हा खर्च तुमच्या नावे पडला आहे, हे आम्हांस ठाऊक आहे आणि त्याचे कारण हे असे आहे, एवढे सांगण्याचे कर्ज त्या माणसाने फेडले. ज्याला डार्वेनला जाण्याचे धैर्य नाही त्याने बहिष्कार पुकारताना दहादा विचार करावा.

डार्वेनला न जाता केलेल्या पुण्याचे फळ कसे असते, हे बांगलादेशाने पाहिले आहे. १९९२ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये टॉम हार्किन यांनी बालमजुरांच्या हातचा माल देशात येऊ नये यासाठी विधेयक मांडले. ते कधी मंजूर झाले नाही. परंतु गिऱ्हाईक तुटेल या नुसत्या धास्तीने तयार कपड्यांच्या कारखान्यांतून सुमारे ५०,००० मुले कमी करण्यात आली. ती शाळेत जातील, असे दूरदेशीच्या सज्जनांस वाटले असावे. युनिसेफने पुढे शोध घेतला तेव्हा कित्येक मुले दगड फोडताना, रस्त्यावर फेरी करताना, आणि त्याहूनही वाईट वाटांवर आढळली. १९९५ मध्ये करार होऊन शाळा व विद्यावेतनाची तजवीज झाली. जी गोष्ट प्रथम करावयाची ती सर्वांत शेवटी सुचली. २०१३ च्या २४ एप्रिलला साभार येथील राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा मात्र तेथील अनेक कामगार पुढाऱ्यांनी बाहेरच्या जगाला कळविले की, आमच्याकडून कपडे घेणे थांबवू नका, घेणाऱ्या कंपन्यांना बांधून घ्या. आणि त्या मागणीतून इमारतींच्या सुरक्षिततेचा, कंपन्यांवर बंधनकारक असा करार झाला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. कारण बहिष्कार पुकारला गेला की, ज्या धन्याला एरवी मजुराच्या पोराबाळांची आठवण होत नाही त्याच्या डोळ्यांना अकस्मात धारा लागतात, आणि तो त्याच मजुराला ढालीसारखा पुढे धरतो. त्या ढालीला भुलण्याचे कारण नाही. १९६५ साली कॅलिफोर्नियातील डेलानोच्या द्राक्षमळ्यांतील मजुरांनी संप केला आणि मग ते स्वतःच शहरोशहरी गेले, मोठमोठ्या किराणा भांडारांच्या दारांशी उभे राहिले, आणि आमची द्राक्षे घेऊ नका, असे त्यांनी गिऱ्हाइकांस विनविले. पाच वर्षांनी, १९७० मध्ये, मळेवाल्यांना करारावर सह्या कराव्या लागल्या. तेथे देणगी मागणाराही मजूर होता आणि देणाराही मजूरच. आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीच्या रस्त्यावर विलायती कापडाच्या लॉरीपुढे जो आडवा झाला, आणि जिच्याखाली चिरडून गेला, तो बाबू गेनूही आंबेगाव तालुक्यातून आलेला गिरणीतला मजूरच होता. आपल्या वाट्याला काय येणार हे त्याला समोर दिसत होते; त्याने कुणा दुसऱ्याच्या नावे काही टाकले नाही.

न विचारता ज्यांच्यावर नुकसान लादले गेले ते, आणि ज्यांनी ते आपण होऊन पत्करले ते, या दोहोंच्या मध्ये अण्णा कोठेतरी बसतात. त्यांना कुणी विचारले नाही, आणि त्यांनी नकारही दिला नाही. लादलेल्या नुकसानीला त्यांनी रात्रीच्या दिव्यापाशी, एकट्याने, दानाचे रूप दिले. ही त्यांची थोरवी. परंतु दुसऱ्याच्या थोरवीवर विसंबून आपले व्रत पार पाडणे ही आपली थोरवी नव्हे, हे आजोबांना उशिरा का होईना उमगले असावे. कारण त्या सातव्या नोंदीखाली निराळ्या शाईतली, निराळ्या हाताची एक ओळ आहे. तिची तारीख अण्णांच्या तेराव्यानंतरची आहे. म्हणजे ती लिहिली गेली तेव्हा वाचणारा राहिला नव्हता. आपल्याकडे पावतीच्या अखेरीस ‘भरून पावलो’ असे लिहिण्याचा शिरस्ता आहे, आणि कचेरीत कारकुनी केलेल्या आजोबांना तो पुरता ठाऊक होता. त्यांनी नुसते ‘पावले’ असे लिहून खाली सही केली आहे. ‘भरून’ हा शब्द लिहिण्यास त्यांचा हात धजला नाही.