ओले सरपण

आमच्या अंत्रुज महालातील गावी देवळाच्या अग्रशाळेत एक शास्त्रीबुवा राहत असत. वयाच्या सोळाव्या वर्षी मी त्यांच्यापाशी अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ शिकलो. न्यायशास्त्राच्या या सतराव्या शतकातील लहानशा पाठ्यग्रंथात धूर आणि अग्नी ही जोडी पुन्हा पुन्हा भेटते. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी आहे, हे अनुमान निर्दोष. परंतु ते उलटे करून, अग्नी आहे त्याअर्थी धूर असलाच पाहिजे, असे म्हणाल तर फसाल. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मग धूर येतो कोठून? शास्त्रकारांचे उत्तर एकाच शब्दाचे आहे: आर्द्रेन्धनसंयोग. ओल्या इंधनाशी गाठ पडली म्हणजे अग्नीला धूर येतो. धूर हा अग्नीचा स्वभाव नव्हे.

हा शब्द मी पडवीत येरझाऱ्या घालीत मोठ्याने घोकला. भिंतीपलीकडे आई चुलीशी बसून फुंकणी फुंकीत असे, आणि तिच्या खोकल्याने माझे पाठांतर मधूनमधून तुटे. त्या खोकल्याचा मला राग येई, हे आज लिहिताना लाज वाटते.

घरचे सरपण आणण्याचे काम माझ्याकडे होते. वडील लवकर गेलेले. वर्षभराचे लाकूड एकदम भरून ठेवण्याची आमची ऐपत नव्हती. वखारीत नुकतेच तोडलेले लाकूड वाळलेल्यापेक्षा स्वस्त तोलून मिळे. मी घासाघीस करून तेच आणी, आणि वाचलेले पैसे आईच्या हाती देताना मला मोठे कर्तृत्व केल्यासारखे वाटे. ती पैसे घेई आणि हलकेच म्हणे, “लांकडां वलीं आसात रे पुता.” त्यात तक्रारीचा सूर नसे, बाहेर पाऊस पडतो आहे, असे सांगावे तसे ती ते सांगे.

या काटकसरीचा खरा हिशेब मला पुष्कळ वर्षांनी उमगला. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात साधारणपणे निम्मे पाणी असते. शंभर किलो ओले लाकूड घेतले म्हणजे पन्नास किलो पाणी विकत घेतले. तेच लाकूड वाळून त्यात पाण्याचा पाचवा हिस्सा उरला, की ढीग तोच, परंतु वजन साडेबासष्ट किलो. हे जादा पाणी वाफ होऊन निघून गेल्यावाचून लाकूड नीट पेटत नाही. पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत आणण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता त्याच पाण्याची पुढे वाफ करण्यास लागते. भाताच्या मडक्याला मिळावयाची ऊब अशी लाकूड वाळवण्यातच खर्ची पडते. जाळ थंड राहतो, आणि लाकडातून सुटलेले वायू व डांबरासारखे सूक्ष्म कण न जळताच वर चढतात. आपण ज्याला धूर म्हणतो, तो बव्हंशी न जळलेले सरपणच होय. मी पाण्याचे पैसे मोजीत होतो, आणि लाकूड आईच्या छातीत साठत होते.

पुढे तिला दम्याने घेरले. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारले, “बाई विडी ओढतात काय?” जिने जन्मात सुपारीचे खांडही तोंडात टाकले नाही, तिच्याविषयीचा हा प्रश्न! मी नाही म्हणताच त्यांनी दुसरा प्रश्न केला: “घरी चूल आहे?” त्या क्षणी तो सोळाव्या वर्षी घोकलेला शब्द मला आठवला. दोन वर्षांनी आई गेली. घरातील दूषित हवेमुळे २०२० साली जगभर सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तो आकडा वाचताना मला बत्तीस लाख दिसत नाहीत. एक फुंकणी दिसते.

वाळलेले लाकूड गावात नव्हते असेही नाही. आमच्या घरापासून शंभर पावलांवर, देवळामागच्या छपराखाली, जत्रेच्या महाप्रसादासाठी फोडून रचलेली किंजळीची आणि काजूची लाकडे वर्षभर वाळत असत. सधनांच्या मांगरांतही तीच व्यवस्था. सधन घरी लाकूड अधिक असे, त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते गेल्या वर्षीचे असे. गरिबाला सरपणाची तेवढी वाण नव्हती. वाण होती ती छपराची आणि सहा महिन्यांच्या सवडीची. सकाळी मिळवावे आणि संध्याकाळी जाळावे, अशा संसारात लाकडाला वाळायला वेळ कोठला?

काही वर्षांपूर्वी हा विचार मी देवस्थानच्या सभेत मांडला. एक सभासद म्हणाले, “आता घरोघर गॅस आला, लाकडाची चिंता कशाला?” त्यांचे म्हणणे अर्धे खरे होते. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने पुष्कळ गरिबांच्या घरी शेगडी पोचवली, आणि धुरावर गॅस हाच खरा उपाय, याविषयी मला संदेह नाही. परंतु मी घरोघर हिंडून पाहिले होते. चहा-भाजी गॅसवर होई. न्हाणीतले पाण्याचे भाण, उकड्या तांदळासाठी भात उकडणे, आणि सिलिंडर संपल्यावरचा महिनाअखेरचा स्वयंपाक मात्र अजून लाकडावरच होता. दुसरे एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, “देवाचे छप्पर देवाच्या नैवेद्यासाठी आहे.” यावर मी वाद घातला नाही. आईची हकीकत आयुष्यात प्रथमच चार माणसांत सांगितली. सभा काही वेळ स्तब्ध राहिली. मग त्याच वृद्ध गृहस्थांनी अर्धे छप्पर द्यावे असे सुचवले.

आमची योजना अगदी साधी आहे. पौषात लाकूड घ्यावयाचे: काजूच्या बागांतील छाटणीचे, वाऱ्याने मोडलेल्या आंब्याफणसाच्या फांद्यांचे. उभे झाड तोडण्यास १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने परवानगी लागते, आणि तशी वेळ आम्ही येऊ दिलेली नाही. लाकूड लगेच मनगटाएवढे जाड फोडावयाचे, कारण सालीच्या आतले पाणी फोडल्यावाचून लवकर निघत नाही. चिऱ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच, फटी ठेवून रचावयाचे. वर कौले, बाजू उघड्या. ऊन नसले तरी वारा हवाच. वैशाखापर्यंत लाकडाच्या टोकांना भेगा पडतात, साल सुटू लागते. मग पावसाळाभर खरेदीच्या आणि फोडणावळीच्या किमतीत ते द्यावयाचे. ज्याला वर्षाचे घेणे झेपत नाही त्याला आठवड्याचा भारासुद्धा. विक्री मापाने, वजनाने नव्हे. वजनावर विकणाऱ्याला लाकूड वाळवणे म्हणजे तोटा. त्यामुळे ओले विकण्याचा मोह त्याला पडतोच. हात लांब, हात रुंद, हात उंच अशी रास केली की पाण्याला किंमत उरत नाही.

वाळलेल्या लाकडालाही धूर असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. खिडकी उघडी हवी, धुराला वर वाट हवी, चुलीच्या तोंडात लाकडे कोंबू नयेत. तरीही धुपणारी चूल आणि जळणारी चूल यांत किती अंतर आहे, हे जिने दोन्हींसमोर बसून भाकरी भाजली तिलाच विचारावे.

पहिल्या वर्षीच्या आषाढात शेजारची एक काकी भारा न्यायला आली. झिमझिम पाऊस होता. तिने राशीतली दोन लाकडे काढून एकमेकांवर आपटली, खणखणीत आवाज ऐकला, आणि न बोलता बाकीची उचलू लागली. ‘तर्कसंग्रहा’तील तो शब्द तिने कधी ऐकला नसेल. मला तो पाठ होता.

वाचकांपैकी अनेकजण आपापल्या गावच्या देवस्थानांशी निगडित असतील. येत्या पौषापूर्वी देवळामागचे छप्पर एकदा पाहून यावे, आणि त्यातील किती जागा रिकामी आहे ते मोजावे, एवढीच त्यांना विनंती आहे.