यमाईच्या वाटेवरचं संग्रहालय

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मी निवृत्तीपर्यंत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना आमची मुलं चांगल्या श्रेणी आणायची. या मुलांना मी वर्षानुवर्षं सहलीला औंधला नेलं, डोंगरावरच्या यमाईदेवीचं दर्शन घडवलं आणि त्याच डोंगरावरचं श्रीभवानी संग्रहालय न दाखवता परत आणलं.

वेळ नसायचा हे खरं, पण खरं कारण ते नव्हतं. परीक्षेत स्थिरचित्र येतं, स्मरणचित्र येतं, संकल्पचित्र येतं. जुनी चित्रं पाहून त्यात काय भर पडणार, असं मला मनापासून वाटायचं. राजा रविवर्मा तर मी वर्गात कॅलेंडरवरून शिकवतच होतो.

पुढे एका पाहुण्याबरोबर संग्रहालयात गेलो आणि रविवर्म्याच्या मूळ तैलचित्रापुढे थांबलो. छपाईत सपाट, चकचकीत दिसणारी त्वचा इथे कितीतरी छटांतून घडलेली होती. साडीची जर जवळून पाहिली तर नुसते कुंचल्याचे फटकारे, दोन पावलं मागे आलं की जर. हे मी एकाही मुलाला सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. पुढे धुरंधरांची चित्रं होती, हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड' हे शिल्प होतं. वेदांचे अभ्यासक म्हणून ऐकलेले पंडित सातवळेकर तिथे चित्रकार म्हणून भेटले.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हे संग्रहालय 1938 साली उभारलं आणि पुढच्याच वर्षी संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती देणारी घटना लागू केली. मला ही दोन्ही कामं एकाच विचाराची वाटतात. देवीला निघालेल्या शेतकऱ्यालाही उत्तम चित्र पाहता यावं, म्हणून ते त्याच्या वाटेवर ठेवलेलं. मी मात्र त्याच शेतकऱ्यांची मुलं दारावरून पुढे नेली.

त्यांतल्या एकाच्या हातात विलक्षण कसब होतं. मी नक्कल शिकवली, तो हुबेहूब नक्कल शिकला. मग दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. फ्लेक्स आल्यावर तेही काम गेलं. मूळ चित्रं पाहून त्याचं आयुष्य बदललं असतं, असं मी म्हणत नाही. पण ती पाहायचा त्याचा हक्क होता आणि त्याच्या आड मी आलो.

जुने विद्यार्थी भेटले, यमाईला जाऊन आलो म्हणाले, की मी विचारतो, "संग्रहालयात गेला होतास?" बहुतेक जण नाही म्हणतात. ती सवय मीच लावलेली.