बाळसं

आमच्या घरात ‘लठ्ठ’ हा शब्द लहान मुलांसाठी कधी वापरलाच गेला नाही. मूल फुगलं की त्यानं बाळसं धरलं म्हणायचं आणि संध्याकाळी दृष्ट काढायची. साताऱ्याचा माझा नातू बाबू दहा वर्षांचा झाला तरी त्याचं बाळसं उतरेना. ते उतरू नये याची काळजी सांगलीत बसून मी वाहत होतो. सुटीत तो आला की भाताच्या मुदीवर तुपाची धार, आणि जाताना भडंगाची पिशवी!

गेल्या दिवाळीच्या आधी तो आला तो गोळ्यांसकट. रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व कमी निघालं होतं. मला हसूच आलं. एवढा गुटगुटीत मुलगा, त्याला कसली उणीव? पण लेक हसली नाही. “बाबा, तुम्हीच भरवलंत त्याला,” एवढंच म्हणाली.

इथल्या एका ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं. चरबी जास्त असली की ते तिच्यात पसरतं आणि रक्ताच्या वाट्याला कमी येतं.” तिजोरी भरलेली आणि वाण्याची उधारी थकलेली, अशी घरं मी पाहिली आहेत!

मग त्यांनी बाबूचं मनगट माझ्या हाती दिलं. त्याला सावकाश श्वास घ्यायला, सोडायला सांगितलं. श्वास घेताना नाडी जराशी घाई करते, सोडताना रेंगाळते. निरोगी काळीज घड्याळासारखं चालतं, असं मी जन्मभर समजत आलो होतो. तसं ते चालत नाही. त्याला हाकणाऱ्या नसा आहेत, तशा आवरणाऱ्याही आहेत. लठ्ठ मुलांत पुष्कळदा हा आवरणारा लगाम सैल पडतो आणि नाडीचा झोका कमी होतो. बाबूचा झोका माझ्या बोटांना जेमतेम लागला.

“गोळ्यांनी लगाम ताळ्यावर येईल ना?”

“उणीव भरून निघेल. काळजाचा भरवसा गोळीवर नको, ते काम पायांचं. आणि गोळ्या मोजूनच. जास्त झाल्या तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला जाच होतो.”

नुसत्या डोळ्यांनी शरीर जोखणारा मी एकटाच नव्हे म्हणा! पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपला आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला होता. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. पण चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२!

दिवाळीला बाबूला घेऊन मीच साताऱ्याला गेलो. फराळाच्या ताटात लेकीनं त्याला एकच करंजी वाढली. माझा हात डब्याकडे गेला होता, मागे घेतला. रोज सकाळी आम्ही दोघं अजिंक्यताऱ्याची वाट चढू लागलो. पहिल्या दिवशी तो अर्ध्यात बसला. भाऊबीजेला मीच धापा टाकत दगडावर टेकलो. बाबूनं डॉक्टरांसारखं माझं मनगट धरलं, गंभीर चेहरा केला आणि म्हणाला, “आबा, तुमची अजून धावतेय. बसा जरा.”