कानटोपीवाला जादूगार

ऑक्टोबर २०२१ मधली गोष्ट. मुलाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. तो युनिव्हर्सिटीत जाऊन जेमतेम महिना झाला होता आणि आम्ही घर बदलून तीन आठवडे. "आई, माझं ते निळं खोकं कुठे ठेवलंस ग? माळ्यावरचं?"

माझ्या हातातली काडी तशीच राहिली. कारण मला लगेच आठवलं. जुन्या घरातून निघताना दोन गाड्या भरून सामान मी चॅरिटी शॉपमध्ये देऊन आले होते. पुस्तकं, पडदे, त्याचे लहानपणीचे कपडे, आणि एक निळं खोकं. उघडून पाहिलं होतं, नाही असं नाही. आत प्लास्टिकची, काही धातूची, अंगठ्याएवढी माणसं होती. अर्धवट रंगवलेली, काहींचे हात निखळलेले. मी म्हटलं, खेळणी. मुलगा आता अठरा वर्षांचा झाला.

"दिलं रे मी ते," असं म्हटल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "इट्स फाइन." आमच्या घरात इट्स फाइन म्हणजे काहीही फाइन नसतं, हे वाचणाऱ्या नातेवाईकांना वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी दारात उभी होते. खोकं केव्हाच विकलं गेलं होतं. कोणी नेलं ते कोणाला आठवत नव्हतं. बरोबरच आहे, त्यांनी का लक्षात ठेवावं?

आता हे खोकं म्हणजे काय, ते थोडं सांगते. आम्ही राहतो नॉटिंगहॅमला. रॉबिन हूडचं गाव म्हणून सगळ्यांना माहीत आहे, पण जगभरातल्या काही लाख वेड्या मंडळींसाठी हे गाव वेगळ्याच कारणासाठी पंढरी आहे. गेम्स वर्कशॉप ही १९७५ साली लंडनमध्ये सुरू झालेली कंपनी पुढे इथे आली. तिचा वॉरहॅमर हा खेळ १९८३ सालचा. टेबलावर दोन सैन्यं मांडायची, फासे टाकायचे, टेपने अंतर मोजून लढायचं. सैन्यात माणसं, बुटके, राक्षस, उंदीरमानव, भुतं, काय वाट्टेल ते. पण ही सैन्यं खोक्यातून तयार येत नाहीत. सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. खेळण्यापेक्षा या कामातच रमणारे लोक खूप. आणि त्यातही एक पंथ असा, की ज्यांना कंपनीने दिलेला माणूस तसाच्या तसा नकोच असतो. याचं डोकं त्याला, त्याचा हात याला, उरलेलं पुट्टीने घडवायचं. याला कन्व्हर्जन म्हणतात. माझा मुलगा त्या पंथातला.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, २०१४ च्या हिवाळ्यात सहा महिने आमच्याकडे राहायला आले होते. जन्म साताऱ्यात गेलेला, नोकरी पोस्टात. इथल्या थंडीत ते कानटोपी, मफलर, माझ्या नवऱ्याचा घोट्यापर्यंत येणारा कोट आणि हातात लांब छत्री अशा थाटात रोज कालव्याच्या कडेने फिरून यायचे. नातू तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. ते परत गेल्यावर त्याने एक जादूगार बनवला. एम्पायर सैन्यातल्या जादूगाराचं टोकदार टोपी घातलेलं डोकं उडवलं, दुसरं डोकं बसवलं, त्यावर हिरव्या पुट्टीची कानटोपी चढवली आणि हातातला जादूचा दंड काढून छत्री दिली. मी तो एकदाच पाहिला, भाकरी थापताना, घाईत. "वा, छान!" म्हटलं आणि तवा बघायला वळले. पुढे एकदा व्हिडिओ कॉलवर त्याने अण्णांना तो दाखवला तेव्हा अण्णा म्हणाले होते, "अरे, माझी छत्री नीट बंद कर, पट्टा सुटलाय बघ."

अण्णा २०१८ मध्ये गेले.

आणि तो जादूगार त्या निळ्या खोक्यात होता. हे मला मुलाने सांगितलं नाही. त्या दुकानाच्या दारातून परत येताना बसमध्ये माझं मलाच आठवलं.

बाजारातली वस्तू हरवली तर दुसरी आणता येते. पण कन्व्हर्जन म्हणजे जे बाजारात नव्हतं म्हणून करावं लागलं ते. त्याचा फोटोही नव्हता. भरपाई कशाची आणि कशी करणार?

मग मी ठरवलं, आपण करून बघायचं. हा निर्णय शहाणपणाचा होता असं मी म्हणत नाही. मला फक्त काहीतरी करायचं होतं. सेकंडहँड एक जुना जादूगार मिळवला. २०१५ साली कंपनीने तो जुना खेळ बंद करून नवा आणला, त्यामुळे ही जुनी माणसं अशीच शोधावी लागायची. (पुढे जानेवारी २०२४ मध्ये 'द ओल्ड वर्ल्ड' या नावाने ते जग परत आलं, पण माझं काम तोवर झालं होतं.)

पहिला धडा असा, की प्लास्टिकच्या सिमेंटने प्लास्टिक चिकटत नाही, विरघळतं. दोन्ही कडा वितळून एकजीव होतात. म्हणून तो जोड पक्का. धातूला मात्र ते चालत नाही, तिथे सुपरग्लू लागतो, आणि तो टणक असला तरी धक्क्याने तुटतो. म्हणून जोडात पिन घालतात. हातात धरून फिरवायचं चिमुकलं ड्रिल असतं, त्याने दोन्ही बाजूंना एक मिलिमीटरचं भोक पाडायचं, पितळेच्या तारेचा किंवा पेपरक्लिपचा तुकडा आत घालायचा आणि मग चिकटवायचं.

हे वाचलं आणि मी हसले. दिवाळीत आम्ही भावंडं अंगणात किल्ला करायचो. दगड, विटा, वर पोतं, त्यावर माती, मातीवर अळीव पेरलेले. कुंभारवाड्यातून आणलेले मावळे जागोजागी उभे. एका वर्षी सिंहासनावरच्या महाराजांची मान माझ्या हातून मोडली. मी रडून घर डोक्यावर घेतलं. अण्णांनी काडेपेटीतली काडी काढली, गूल मोडलं, मानेत आणि धडात सुईने भोक कोरलं, काडी बसवली, वर ओली माती लिंपली आणि वाळल्यावर रंगाचा हात फिरवला. ते महाराज पुढे कितीतरी दिवाळ्या बसले. म्हणजे नॉटिंगहॅमच्या लोकांची ही विद्या आमच्याकडे साताऱ्यात होतीच की!

दुसरा धडा हिरव्या पुट्टीचा, ग्रीन स्टफचा. ही एक पट्टी येते, अर्धी निळी, अर्धी पिवळी. दोन्ही मळून एकसारखा हिरवा रंग आला की तास-दीड तास काम करता येतं, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत ती रबरासारखी चिवट, कडक होते. पट्टीत जिथे निळं-पिवळं एकमेकांना टेकलेलं असतं तिथे ती आधीच वाळलेली असते, तेवढी चिंधी कापून टाकायची, नाहीतर मळल्यावर बारीक गुठळ्या राहतात. पिवळं जास्त घेतलं तर मऊ आणि चिकट, निळं जास्त तर घट्ट. हत्यार सारखं पाण्यात बुडवायचं, नाहीतर पुट्टी माणसाला सोडून हत्यारालाच चिकटते. पुरणपोळ्या करणाऱ्या बाईला खरं तर हे जमायला हवं होतं. पण माझी पहिली कानटोपी कोबीच्या गड्ड्यासारखी झाली. दुसरी पगडीसारखी. तिसरीत चेहराच गेला.

ही माणसं साधारण २८ मिलिमीटरची, पायापासून डोळ्यांपर्यंत. आणि त्यांची डोकी, हात मुद्दाम प्रमाणाबाहेर मोठे केलेले असतात. तीन फुटांवरून टेबलाकडे पाहणाऱ्याला चेहरा आणि हातातली वस्तू कळावी म्हणून. सुरुवातीला मला ते विद्रूप वाटायचं. नंतर वाटलं, आपल्या आठवणीतली माणसंही अशीच असतात की. अण्णांचे गुडघे कसे होते मला सांगता येणार नाही. पण पोस्टाच्या शिक्क्याची शाई नखांत अडकलेले त्यांचे हात मला आजही दिसतात, आणि खऱ्यापेक्षा मोठेच दिसतात.

मधेच एकदा सगळं सोडून दिलं होतं. त्या दिवसांत या गावातल्या एका शिल्पकाराबद्दल वाचलं. मायकेल पेरी. तो आणि त्याचा जुळा भाऊ ॲलन, दोघेही ही छोटी माणसं घडवणारे. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये जुन्या लढाईचा देखावा करताना तोफेच्या अपघातात मायकेलचा उजवा हात गेला. तो उजखोराच होता. त्याने डाव्या हाताने काम पुन्हा शिकून घेतलं आणि शिल्पं घडवणं चालू ठेवलं. मी माझ्या दोन्ही धडधाकट हातांकडे पाहिलं आणि कोबी खरवडून काढला.

चौथी कानटोपी जमली. विणीचे टाके शिवणाच्या सुईने एकेक दाबून काढले, तिरके, इंग्रजी व्ही सारखे. छत्रीसाठी तारेवर पातळ कागद गुंडाळून त्यावर सुपरग्लू मुरवला, मूठ पेपरक्लिप वाकवून. पट्टा मात्र नीट बंद केला! कोटाला घोट्यापर्यंत घड्या दिल्या. मग प्रायमर, मग रंगाचे पातळ पातळ दोन हात, मग पातळ काळपट वॉश, जो आपण होऊन खाचांत उतरतो आणि टाके उठून दिसतात. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर फिकट रंग.

रंग देताना थांबले. अण्णांची कानटोपी तपकिरी होती, हे मला पक्कं माहीत. पण मुलाने कोणती रंगवली होती? मला आठवेना. मी बघितलंच नव्हतं ना, तवा तापला होता. तेव्हा प्रथम नीट कळलं की हरवलेली वस्तू मी परत करू शकणारच नाही. त्याने घडवले होते ते त्याचे आजोबा. मी करत होते ते माझे अण्णा. मी त्यांच्या हातातली छत्री दंडासारखी उभी धरलेली केलीच नव्हती, कोपरावर अडकवली होती. साताऱ्यात ते बाजारातून पिशव्या घेऊन यायचे तशी. नातवाने तो बाजार पाहिलाच नव्हता. त्याला दिसले ते परक्या थंडीत छत्री टेकत चालणारे आजोबा. त्याला ते जादूगार वाटले, यात नवल नाही.

तपकिरी रंगवली.

मुलगा २०२२ च्या नाताळात घरी आला. मी ते काही समारंभाने दिलं नाही, त्याच्या टेबलावर ठेवून दिलं आणि खाली येऊन उगाच डबे पुसत बसले. बराच वेळ वर काही आवाज नाही. मग तो माणूस तळहातावर घेऊन खाली आला. दिव्याखाली उलटासुलटा करून पाहिला.

"आई, मोल्ड लाइन राहिलीय."

साच्याच्या दोन भागांच्या जोडावर प्लास्टिकची एक बारीक रेघ उमटते. ती आधी पात्याच्या पाठीने खरवडून काढायची असते, आणि रंगवल्यावर ती जास्तच दिसते. कोटाच्या मागच्या बाजूला, मानेपासून घोट्यापर्यंत, होती खरी. वर्षभर मी पुढूनच बघत राहिले होते.

"मी सॉरी आहे रे," मी म्हटलं. "त्या खोक्याबद्दल." हे वाक्य मी चौदा महिन्यांत एकदाही बोलले नव्हते. फोनवर 'दिलं रे मी ते' एवढंच म्हटलं होतं.

तो म्हणाला, "मला राग आला होता. खूप." इट्स फाइन म्हणाला नाही. मला त्याचं बरं वाटलं.

मग खुर्ची ओढून बसला. "तू छत्री अशी का अडकवलीस?" मी त्याला साताऱ्याचा बाजार सांगितला, पिशव्या सांगितल्या, काडेपेटीतल्या काडीने जोडलेली महाराजांची मान सांगितली. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. मीच कधी सांगितलं नव्हतं.

माझा जादूगार आता आमच्या बैठकीच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटात असतो, पाठ भिंतीकडे करून. मुलाने तो नेला नाही. "तुझा तुझ्याकडे राहू दे," म्हणाला. जाताना उरलेली पुट्टीची पट्टी मात्र बॅगेत टाकली.

दोन आठवड्यांनी रात्री त्याचा मेसेज आला. "आजोबांच्या कानटोपीला वर गोंडा होता का ग?"

होता. सैल झालेला, एका बाजूला लोंबणारा. मी माझ्यावर करायला विसरले होते.