मुंबई चालत आली, पण...

घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड या बाजूच्या जुन्या माणसांच्या तोंडून एक वाक्य अजून ऐकू येते, "जरा मुंबईला जाऊन येतो." राहायचे मुंबईत, मतदान मुंबईत, आणि शीवच्या पुढे निघाले की म्हणायचे मुंबईला चाललो! नवख्या माणसाला याचे हसू येते. पण त्या बोलण्यात खोटे काही नव्हते. मुंबई महापालिकेची हद्द वाढून घाटकोपर शहरात आले ते १९५० साली. मुलुंड आणि बोरिवली तर १९५७ साली. त्याआधी हा सारा साष्टीचा मुलूख. खाडी, मिठागरे, भातशेती आणि मधून जाणारी आगगाडी. १९९० साली मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हाही झाला. कागदावर आम्ही मुंबईचे, जिल्ह्याने उपनगरचे, आणि बोलण्यात मुंबईबाहेरचे.

मी या भागात बरीच वर्षे राहिले. एवढ्या काळात एक गोष्ट डोळ्यांदेखत घडली. आम्ही जागचे हललो नाही, पण मुंबई मात्र चालत चालत आमच्या दारापर्यंत आली. आणि ती दारात आल्यावर मग विचारू लागली, की तुम्ही इथे कसे?

आपल्या समाजातील मागच्या पिढ्यांनी या शहरात घर कसे शोधले ते आठवून पाहावे. जिथे काम तिथे बिऱ्हाड, हा सरळ हिशेब होता. गिरणीचा भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर राहायचे. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथील बीडीडी चाळी १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या आणि पुढे तिथे आपली हजारो कुटुंबे नांदली. खुद्द बाबासाहेबांचे कुटुंब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले. बाबासाहेब शिक्षणासाठी परदेशी असताना माता रमाईंनी काटकसरीने संसार ओढला तो त्याच चाळीत. दादरचे 'राजगृह' त्यानंतरचे. म्हणजे परळ, वरळी, नायगाव ही आपल्या आजी-आजोबांची 'शहराजवळची' ठिकाणे. खोली दहा बाय बाराची, पण कामावर पायी जाता येत असे. दुपारच्या सुट्टीत घरी येऊन भाकरी खाऊन पुन्हा खात्यात जाणारी माणसे मी स्वतः पाहिली आहेत. अशा खोलीला लहान म्हणावे की मोठी, हे अजून माझे ठरत नाही.

पुढे चाळी भरल्या. एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे झाली. १९७२च्या दुष्काळानंतर मराठवाडा, विदर्भ, नगर, सोलापूर या भागांतून माणसे मुंबईत आली, त्यांना परळमध्ये जागा कुठून मिळणार? ती कुर्ल्याला, चेंबूरला, घाटकोपरला, विक्रोळीला उतरली. पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेच्या, खाडीच्या अंगाच्या जमिनी त्या वेळी कोणाला नको होत्या. भरतीचे पाणी, चिखल, डास आणि झुडपे. माणसांनी तिथे डेब्रिज टाकून भरणी केली. पाटीभर माती डोक्यावर आणून ओटा उंच करायचा, पावसाळ्यात तो खचायचा, दिवाळीनंतर पुन्हा माती. अशा किती पाट्या बायकांच्या डोक्यावरून गेल्या याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. घाटकोपर पूर्वेचे माता रमाबाई आंबेडकर नगर अशाच कष्टांतून उभे राहिले. तिथून स्टेशन चालत अर्ध्या तासाच्या आसपास, आणि स्टेशनावरून बोरीबंदर सुमारे वीस किलोमीटर.

घाटकोपरला कष्टकऱ्यांचा वारसा जुना आहे. स्टेशनच्या पश्चिमेला चिरागनगर. तिथल्या झोपडीत अण्णा भाऊ साठे वर्षानुवर्षे राहिले, तिथेच लिहिते राहिले. बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली 'फकिरा' कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. पूर्वेला पंतनगर. तिथे डॉ. दत्ता सामंत रुग्ण तपासत तपासत कामगारांचे पुढारी झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगावाचे धुरांडे पुन्हा पूर्वीसारखे पेटले नाही.

शहराचे केंद्र हलू लागले ते इथून. परळ-लालबागची कामे गेली. अंधेरीला १९७३ साली सीप्झ सुरू झाले होते. तिथे दागिन्यांच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत मुली मोठ्या संख्येने कामाला लागल्या. वांद्रे-कुर्ला संकुलात काचेच्या इमारती उठल्या, बँका आल्या, हिरेबाजार आला. लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखान्यांच्या जागी मॉल आले. ज्याला 'फोर्टातली नोकरी' म्हणत ती नोकरी कुर्ल्याच्या मिठी नदीपर्यंत आली! मग ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावू लागली. अकरा-साडेअकरा किलोमीटर, बारा स्थानके. पूर्वी ३४० क्रमांकाच्या बेस्ट बसने अंधेरी गाठायची म्हणजे असल्फा, साकीनाका, मरोळ करत कधी तास तर कधी दीड तास. मेट्रोला वीस-बावीस मिनिटे पुरतात. त्याच सुमारास, २०१३-१४ मध्ये, पूर्व मुक्तमार्ग छेडानगरपर्यंत आला आणि मोटारवाल्यांना फोर्ट जवळ झाले. ज्या खाडीला लोक नाक मुरडत, तिच्यातले रोहित पक्षी पाहण्यासाठी आता खिडकीचे जादा पैसे मोजतात. असो.

ज्या जागेला विचारणारे कोणी नव्हते, तिच्यावर आता साऱ्या शहराचा डोळा आहे. १३ मे २०२४ रोजी वादळात याच महामार्गालगत पेट्रोल पंपावर एक अवाढव्य जाहिरातफलक कोसळला आणि १७ माणसे मेली. एवढा मोठा फलक तिथे का होता? तर रोज लाखो डोळे तिथून जातात म्हणून.

पण मला बोलायचे आहे ते जमिनीच्या भावाबद्दल नाही. जवळ राहण्याचा खरा हिशेब दलालाच्या वहीत सापडत नाही, तो बाईच्या दिवसात सापडतो. वस्तीतली एखादी मावशी घ्या. गरोडियानगर किंवा पंतनगरात चार घरची धुणीभांडी करते. पहाटे पाणी भरून, पोरांचे डबे करून साडेसहाला निघाली की सातला पहिल्या घरी. अकरापर्यंत चारही घरे उरकून ती परत येते, धाकट्याला शाळेत पोहोचवते, आणि संध्याकाळी पुन्हा दोन घरे. या सगळ्यात बसभाडे शून्य. आता हीच बाई दहा किलोमीटर लांब नेऊन ठेवा. घर पक्के असेल, संडास घरात असेल, फरशी गुळगुळीत असेल. पण चारपैकी दोन कामे सुटतात, उरलेल्या दोनांतले निम्मे पैसे प्रवासात जातात, आणि धाकट्याला शाळेत पोहोचवायला थोरल्या मुलीची शाळा बुडते. सगळ्यात आधी थोरल्या मुलीची शाळा बुडते, हे मी लिहून देते.

तसेच सफाई कामगाराचे. पहाटे चौकीवर हजेरी लावायची असते, तेव्हा पहिल्या गाडीच्या भरवशावर राहून चालत नाही. राजावाडी रुग्णालय जवळ असल्याने रात्रीबेरात्री बाळंतिणीला रिक्षातून नेता येते. म्हाताऱ्या माणसाला साखरेच्या गोळ्यांसाठी महिन्याला तिथे चालत जाता येते. जवळपणाच्या अशा बारीकसारीक सवलती कोणी मोजत नाही. त्या गेल्या की मग कळतात.

२६ जुलै २००५चा पाऊस वाचकांना आठवत असेल. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या बंद, बस बंद. त्या रात्री हजारो माणसे महामार्गावरून आणि रुळांवरून चालत घरी निघाली. ज्यांचे घर दोन-चार तासांच्या चालीवर होते ती पोहोचली. लांबची माणसे रात्रभर कचेरीत, शाळेत, थांबलेल्या बसमध्ये अडकून राहिली.

रमाबाई नगरने मात्र जवळ असण्याची किंमतही मोजली आहे. ११ जुलै १९९७ची सकाळ आपल्या वाचकांना सांगायला नको. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, माणसे महामार्गावर आली, आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. चारच दिवसांनी मुलुंडच्या वस्तीत राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. महामार्ग हा वस्तीचा उंबरठा आहे. रोजगार त्याच उंबरठ्यावरून आला आणि त्या सकाळी गोळीही तिथूनच आली. ज्या घरांतली माणसे गेली त्या घरांनी वस्ती सोडली नाही. वंदनेला जमणारी, लग्नाकार्याला एकमेकांची भांडी वापरणारी, मयताला न बोलावता धावून येणारी ही माणसे तिथे पन्नास वर्षे एकत्र राहिली आहेत. शेजार हा सुद्धा जवळपणाच आहे.

आता ही वस्ती नव्याने बांधली जाणार आहे. एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण यांनी मिळून रमाबाई नगर आणि शेजारच्या कामराज नगरचा पुनर्विकास हाती घेतला आहे. सोळा हजारांहून अधिक झोपड्यांचा हा प्रश्न. पूर्व मुक्तमार्ग छेडानगरपासून ठाण्यापर्यंत वाढवायचा, त्याच्या वाटेत वस्तीचा काही भाग येतो, हे या घाईमागचे एक मोठे कारण. २०२५ साली पहिल्या टप्प्यातली घरे पाडायला सुरुवात झाली. कुटुंबांनी भाड्याचे पैसे घेऊन दुसरीकडे बिऱ्हाड थाटायचे आणि इमारत झाली की परत यायचे, अशी योजना. पात्र कुटुंबाला ३०० चौरस फुटांचे घर.

मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही. गळक्या पत्र्याखाली आयुष्य काढणे म्हणजे स्वाभिमान, असे म्हणणाऱ्यांपैकीही मी नाही. ज्याने सार्वजनिक संडासापुढे पहाटे रांग लावली आहे त्याने असे म्हणू नये, आणि ज्याने लावली नाही त्याने तर मुळीच म्हणू नये. शिवाय या योजनेत घर त्याच जागी मिळायचे आहे, ही मोठी गोष्ट. विद्याविहार आणि आजूबाजूच्या तानसा जलवाहिनीकाठच्या कुटुंबांचे काय झाले ते समोर आहे. २०१७ पासून त्यांना माहुलला पाठवले गेले. तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, हवा अशी की माणसे आजारी पडू लागली, शाळा-दवाखाने दूर, कामे सुटलेली. अखेर सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की पर्यायी घर देता येत नसेल तर महिना १५ हजार रुपये भाडे द्या, पण माहुलला जाण्याची सक्ती नको. पक्क्या भिंती म्हणजेच घर नव्हे, हे माहुलच्या माणसांना रस्त्यावर बसून शासनाला समजावून सांगावे लागले.

म्हणून घाटकोपरच्या भगिनींना काही व्यवहाराच्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात. भाड्याचे घर शोधताना स्वस्त म्हणून दिवा, टिटवाळा, नालासोपारा गाठण्याचा मोह होईल. आधी मुलांची शाळा आणि स्वतःची कामे किती लांब पडतात, आणि पासाला किती पडतात, ते कागदावर मांडा. दोन हजार वाचवून तीन हजार गमावण्यात अर्थ नाही. भाड्याची एकरकमी रक्कम हाती आली, तर ती लग्नात किंवा दुचाकीत जाणार नाही यावर घरातल्या बाईने डोळा ठेवावा. पुनर्वसनाचे घर पती-पत्नी दोघांच्या नावावर देण्याची नियमातच तरतूद आहे. करारात आपले नाव, तेही बरोबर लिहिलेले, स्वतः वाचून पाहा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या, कार्यालयातल्या माणसाकडून नको. घरातली वृद्ध माणसे कुठे राहणार हे पावसाळ्याआधी ठरवा. आणि वस्ती विखुरली तरी शेजाऱ्यांचे नवे पत्ते एका वहीत लिहून ठेवा. दोन-तीन वर्षांत माणसे हरवतात.

परवा अशाच एका बैठकीत इमारतीचा नकाशा भिंतीवर लावला होता. पुरुष मंडळी मजले, लिफ्ट, पार्किंग यांबद्दल विचारत होती. मागे बसलेल्या एक आजी उठल्या. म्हणाल्या, "बाळा, समदं झाक हाय. पर यात विहार कुठं दावलंय? आन् माझी भाजीची पाटी सकाळी खाली कुठं ठेवायची?" नकाशा दाखवणाऱ्या तरुणाने वाकून दोन-तीन ठिकाणी बोट फिरवले, मग बाजूच्या साहेबाकडे पाहिले. आजी उत्तराची वाट पाहत उभ्याच राहिल्या.